बर्फ आणि उष्णतेचा हिशेब



वैशाखाच्या या उकाड्यात बर्फाविषयी बोलणे म्हणजे उपाशी माणसापुढे पक्वान्नांची नावे वाचण्यासारखेच आहे. तरीही मी हाच विषय घेतला. घन, द्रव आणि वायू ही पदार्थाची तीन रूपे आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहेत. पण एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना काय मोल द्यावे लागते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

१८३३ सालची गोष्ट. फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाच्या शिडाच्या जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडला. विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी जहाज पोहोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! पुढे मुंबई आणि मद्रास येथेही असा बर्फ येऊ लागला. मद्रासचे बर्फघर समुद्रकिनारी अजून उभे आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथेच होता.

हा बर्फ टिकला कसा? लाकडाच्या भुशाने बाहेरची उष्णता अडवली, हे खरे. पण निम्मे श्रेय खुद्द बर्फाचे आहे. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला १ कॅलरी उष्णता पुरते. मात्र १ ग्रॅम बर्फाचे नुसते पाणी करायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत ते पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते! बर्फातील रेणू एकमेकांना ठराविक मांडणीत धरून असतात. ती मांडणी मोडण्यातच ही उष्णता खर्च होते. म्हणून सारा बर्फ वितळेपर्यंत तापमापकातला पारा शून्यावरून हलत नाही. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हा प्रकार ओळखला. तिला आपण सुप्त उष्णता म्हणतो.

पाण्याची वाफ होताना तर हा खर्च फारच मोठा. उकळत्या पाण्याला ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी लागतात. साध्या हवेत वाळणाऱ्या पाण्याला त्याहूनही काही अधिक. आपला माठ पाणी गार करतो तो याच जोरावर. झिरपलेला थेंब उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. विजेचे बिल येत नाही, आणि माठ कधी बिघडतही नाही.

आता थोडे गंभीर बोलतो. पेल्यात तरंगणारा बर्फ वितळला, तरी पाण्याची पातळी वाढत नाही. कारण बर्फ आपल्या वजनाइतकेच पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. पण जमिनीवरच्या बर्फाची गोष्ट निराळी. तो वितळून समुद्रात आला की पातळी चढते. एकट्या ग्रीनलंडचा सारा बर्फ वितळला, तर जगातील समुद्र सरासरी सुमारे ७ मीटर चढतील. याला शतकेच्या शतके लागतील. पण वितळणे सुरू झाले आहे, आणि आपली मुंबई व कोकणपट्टी समुद्राच्या काठीच वसलेली आहे. हिमालयातील हिमनद्याही आटत आहेत. पावसाळा नसताना सिंधूसारख्या नद्यांना त्यांचाच मोठा आधार असतो.

येथे त्या स्तब्ध पाऱ्याची आठवण ठेवावी. पारा हलत नाही म्हणजे उष्णता शिरत नाही, असे नव्हे. बर्फ आहे तोवर तो ती मुकाट्याने पोटात घालतो. बर्फ संपला की तीच उष्णता पाण्याला तापवू लागते. तेव्हा पारा चढण्याची वाट पाहून मग जागे होणारा मनुष्य नेहमीच उशिरा जागा होतो. हिशेब पाऱ्याचा नव्हे, आत शिरणाऱ्या उष्णतेचा ठेवला पाहिजे. आणि ती वाढते आहे ती आपण जाळलेल्या कोळशाने आणि तेलाने. हा हिशेब करण्यास शाळेतले गणित पुरे आहे.