डब्यात काय आहे?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाच्या हस्तकला कार्यक्रमात झालेले भाषण)



मला विषय दिलाय, 'घरातल्या रिकाम्या डब्या-बाटल्यांतून हस्तकलेच्या सामानाची मांडणी'. आता खरं सांगायचं तर डबे जपून ठेवायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. श्रीखंड संपलं रे संपलं की डबा धुऊन ओट्यावर पालथा पडलेलाच असतो. फ्रीजमध्ये आइस्क्रीमचा डबा दिसला म्हणून मुलं धावतात आणि आत निघतात भिजवलेले वाटाणे. आखातातल्या नातेवाइकांनी कधीतरी आणलेला बिस्किटांचा तो निळा, गोल पत्र्याचा डबा तर कितीतरी घरांत आहे. त्यात बिस्किटं नसतात, सुई-दोरा असतो. हसताय, म्हणजे तुमच्याकडेही आहे!

तेव्हा डबे कसे जमवायचे हे मी सांगणार नाही. डब्यात ठेवलेली वस्तू हवी तेव्हा हाताला कशी लागेल, तेवढंच सांगणार आहे. वस्तू घरात असूनही सापडली नाही, तर आपण बाजारात जाऊन तीच पुन्हा आणतो. डबा वाचवला, पण पैसेही गेले आणि जागाही गेली. पंचवीस वर्षांत आपले फ्लॅट काही वाढलेले नाहीत, सामान मात्र वाढलंय.

म्हणून आधी सामान बघायचं, डबा नंतर. एखाद्या दुपारी जुनी चादर अंथरा आणि मणी, टिकल्या, लेस, लोकर, बटणं, सगळं तिच्यावर काढा. एकसारखं एका जागी करा. मग प्रत्येक ढिगाला केवढा डबा लागतो ते आपोआप कळतं. आपण नेमकं उलटं करतो. मोठा डबा मोकळा दिसला की त्यात सगळं कोंबतो आणि मग एक हुक शोधायला अख्खा डबा उपडा करतो.

आता कशात काय ठेवायचं ते बघू. बारीक मणी आणि कुंदन जॅमच्या छोट्या काचेच्या बरण्यांत ठेवा. बाहेरूनच रंग दिसतो, उघडून बघावं लागत नाही. हुक, टिचबटणं, टिकल्या यांच्यासाठी काडेपेट्या. सहा किंवा नऊ पेट्या एकमेकींवर चिकटवल्या आणि प्रत्येकीला पुढून एक मणी ओवून बसवला की छोट्या खणांचं कपाटच तयार होतं. विणकामाच्या लांब सुयांना बॅडमिंटनच्या फुलांची नळी अगदी बरोबर येते. खालचा मुलांचा ग्रुप दर महिन्याला दोन-तीन नळ्या टाकतो, त्यांना सांगून ठेवा.

भरतकामाच्या दोऱ्यांचा गुंता होतो. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा जाड असतो. त्याच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा, दोन्ही टोकांना खाच पाडा आणि दोरा गुंडाळा. दोऱ्याचा शेड नंबर वरच लिहा, म्हणजे दोरा संपला की दुकानात नेमका तोच मागता येतो. या पट्ट्या श्रीखंडाच्या चौकोनी डब्यात उभ्या लावल्या की सगळे रंग एका नजरेत दिसतात. लोकरीचा गोळा प्लास्टिकच्या बरणीत टाकून झाकणाला भोक पाडा आणि धागा त्यातून बाहेर काढा. विणताना गोळा घरभर लोळत नाही. भोकाच्या कडेला चिकटपट्टी लावायला विसरू नका, नाहीतर धागा घासून तुटतो. रांगोळीचे रंग मसाल्याच्या, भोकाच्या झाकणाच्या बाटल्यांत भरा. बाटली मात्र आतून पूर्ण कोरडी हवी, नाहीतर रंगाची ढेकळं होतात. अंड्यांचा ट्रे काम करताना मणी वेगळे ठेवायला छान, पण त्याला झाकण नाही, म्हणून साठवायला नाही.

सगळेच खोके कामाचे नसतात. मिठाईचा खोका तुपकट असतो, त्याच्या मागे मुंग्या येतात. तो सरळ सुक्या कचऱ्यात द्या. पुठ्ठ्याचे खोके पावसाळ्यात ओल धरतात आणि त्यांच्या खळीवर कसर, झुरळं जगतात. म्हणून रेशीम, लोकर, कापड पुठ्ठ्यात ठेवून माळ्यावर टाकू नका. नव्या बुटांबरोबर येणारी ती छोटी पांढरी पुडी हवेतली ओल शोषते. सुयांच्या डब्यात एक टाकली तर गंज लवकर चढत नाही. अर्थात, पुडी मुलांच्या हाती लागू द्यायची नाही.

प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो, तो बघायची सवय लावा. ५ आकडा म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते चिवट असतं, झाकण रोज उघडलं तरी पटकन तडकत नाही. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोल त्याचाच. त्यात थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर ठेवलं तर डबाच विरघळतो.

आता जरा गंभीर बोलते. थिनर, टर्पेंटाइन, ॲसिड, रॉकेल यातलं काहीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरायचं नाही. कधीच नाही. वर चिठ्ठी लावली तरी नाही. तीन वर्षांच्या मुलाला चिठ्ठी वाचता येत नाही, त्याला ओळखीची बाटली दिसते. ते ज्या डब्यात आलं त्याच डब्यात राहू द्या, वरच्या कप्प्यात. तसंच मणी आणि बटणं औषधांच्या बाटल्यांत नकोत. मुलांना गोळ्या आणि मणी सारखेच दिसतात, आणि चष्मा हाताशी नसेल तर आपल्यालाही.

शेवटचा आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा म्हणजे चिठ्ठी. आमच्या विंगमधल्या एक आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या सुनेनं परवानगी दिली म्हणून सांगते. आजींच्या कपाटात अकरा डबे निघाले. आठांवर काही लिहिलेलं नव्हतं. कशासाठी काय जमवलं होतं, कुणालाच कळेना. त्यातलं बरंचसं देऊन टाकलं, काही टाकावं लागलं. तीन डब्यांवर मात्र आजींच्या हातची चिठ्ठी होती. एकीवर लिहिलं होतं, 'मोठ्या नातीच्या दुपट्याची लोकर, उरलेली.' ती नात आता नोकरी करते. तिनं ती लोकर मागून घेतली आणि त्याच लोकरीची टोपी विणायला शिकली. लोकर साधीच होती हो, बाजारात पन्नास रुपयांना मिळेल अशी. पण दोन ओळी लिहिल्या होत्या म्हणून ती कचऱ्यात गेली नाही.

तेव्हा डब्यावर तीन गोष्टी लिहा: आत काय आहे, कुठून आलं आणि कशासाठी ठेवलंय. झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात. डब्याच्या अंगावर लिहा.

हेच आपल्या क्लब रूममधल्या गणपतीच्या कपाटालाही लागू आहे. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून आपण पुठ्ठा, कापड आणि कागद वापरतो. पुन्हा वापरता येईल असंच सामान आहे ते. पण विसर्जनाच्या रात्री सगळे दमलेले असतात, जे हाती येईल ते जिथे बसेल तिथे जातं, आणि पुढच्या वर्षी तीच लेस, तेच दिवे परत विकत येतात. हा वर्गणीचा पैसा आहे. माझी कमिटीला विनंती आहे, या वर्षी विसर्जनानंतरच्या रविवारी आपण दहा-बारा जणांनी दोन तास बसू. डबे आम्ही आणतो, घराघरात पडलेच आहेत! कपाटाच्या दाराला आतून यादी लावू. डब्यांवर नावं मुलांना घालू दे, अक्षर कसंही असलं तरी चालेल.

आणि घरी गेल्यावर एक करा. रिकाम्या डब्यांना एकच कप्पा द्या. तो भरला की नवा डबा आत येताना जुना एक बाहेर, धुऊन, सुक्या कचऱ्यात.

चहा तयार आहे असं कळलंय, तेव्हा थांबते.