विंचवाचे विष आणि एका डॉक्टरांचे संशोधन
(शिंदखेडा येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



ग्रहताऱ्यांचे शोध आपण कौतुकाने वाचतो. आज खेड्यातील दवाखान्यात लागलेल्या एका शोधाची हकिकत सांगतो. कोकणात महाडजवळील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेथे माणसे दगावत. दरदरून घाम, वांती, गार पडलेले हातपाय, पुढे फुप्फुसांत पाणी, ही लक्षणे त्यांनी बारकाईने टिपली. १९८२ साली ‘लॅन्सेट’ने ती प्रसिद्ध केली. पुढे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन त्यांनी योजले आणि शेकडा ४० च्या घरातील मृत्यू शेकडा १ वर आले. आपल्याकडेही कडब्याच्या गंजीत विंचू असतोच. दंश होताच मांत्रिकाची वाट न पाहता रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे, एवढी विनंती.