ज्यांच्या हाती बॅट दिली नाही
(आकाशवाणीवरील भाषण)

आमच्या पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात पोती उचलणारा हमाल वेगळा आणि हिशेबपट्टी लिहिणारा आडत्या वेगळा. खेळातही अशी वाटणी असते, आणि तिथंही ती बरेचदा मैदानात उतरण्याआधीच झालेली असते.

वेल्स हा इंग्लंडला लागून असलेला छोटा देश, रग्बीवर जीव टाकणारा. तिथल्या संघात पुढच्या फळीत रेटारेटी करायला कोळशाच्या खाणीत राबलेले आडदांड गडी घेत. डाय जोन्स हा त्यातलाच, लोक त्याला ‘बैल’च म्हणायचे. 16 डिसेंबर 1905 ला कार्डिफमध्ये वेल्सनं न्यूझीलंडला 3-0 असं हरवलं, तेव्हा तो पुढच्या फळीत होता. गुण मिळवले ते टेडी मॉर्गननं, आणि तो होता डॉक्टरकीतला.

आपल्याकडेही अशीच वाटणी होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी 1906 मध्ये, मुंबईत क्रिकेटमध्ये हिंदूंच्या संघानं युरोपियनांना 109 धावांनी हरवलं. राज्यकर्त्यांवरचा तो विजय मोठाच, पण मला आज बोलायचं आहे ते त्या संघातल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाबद्दल, बाळू पालवणकर यांच्याबद्दल.

1876 साली धारवाडला जन्म, जात चर्मकार. पोरवयात पुण्यात पारशी मंडळींच्या मैदानावर खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, महिना तीन रुपये. मग साहेबांच्या पूना क्लबात चाकरी. जाळं लावायचं, खेळपट्टी तयार करायची आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायची. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज बाद झाला की बाळूंना दर वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. पण त्या क्लबात त्यांच्या हाती बॅट म्हणून कुणी दिली नाही. फलंदाजी साहेबांची, घाम बाळूंचा!

ग्रेगची दांडी उडवणारा माणूस आपल्याच गावात असताना त्याला संघात घ्यावं की नाही, यावर पुण्याच्या हिंदू मंडळींत वाद झाला. शेवटी घेतलं. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हाताळत, पण चहाच्या सुट्टीत बाळूंना चहा मिळे तो तंबूबाहेर, मातीच्या कुल्हडात. जेवणाचं पानही वेगळं. मला या गोष्टीत सगळ्यांत जास्त खटकतो तो तोच चेंडू. विटाळ मानायचा तर तो चेंडूलाही लागायला हवा होता, पण विकेट हव्या होत्या ना!

पुण्यात प्लेग आला, बाळू मुंबईला गेले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. शिवराम, गणपत, विठ्ठल हे धाकटे भाऊही पुढे नावारूपाला आले.

1911 मध्ये पतियाळाच्या तरुण महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. महाराजांना मेजवान्यांतून सवड मिळेना, ते मोजकेच सामने खेळले. संघ जिंकला थोडे, हरला पुष्कळ. बाळू तेव्हा पस्तिशीचे, खांदा दुखत होता, तरी दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. परतल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला.

कर्णधारपद मात्र वर्षानुवर्षं दुसऱ्यांकडेच राहिलं. 1920 च्या चार संघांच्या चौरंगी स्पर्धेत पालवणकर बंधूंना डावललं गेल्यावर विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. चर्मकाराच्या मुलाला हिंदू संघाचं रीतसर कर्णधारपद मिळालं ते 1923 मध्ये, आणि तेही विठ्ठलला. त्या वर्षी हिंदू जिंकले.

पुढची गोष्ट सांगताना अनेकजण गडबडतात, मी सांगूनच टाकतो. तरुण आंबेडकरांना बाळूंचा अभिमान होता. 1932 मध्ये दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांवरून झालेल्या पुणे कराराच्या वेळी मात्र बाळू गांधींच्या बाजूनं उभे राहिले, आणि 1937 च्या मुंबईतल्या निवडणुकीत तर थेट बाबासाहेबांच्या विरोधात. बाबासाहेबांना 13,245 मतं, बाळूंना 11,225. त्यांची ती भूमिका मला पटत नाही. पण तेवढ्यासाठी मैदानावरचं त्यांचं काम पुसून टाकणंही मला जमत नाही.

भारताचा पहिला कसोटी सामना 1932 चा, तोवर बाळू छपन्न वर्षांचे झाले होते. 1955 साली मुंबईत त्यांचं निधन झालं. प्रथम श्रेणीचे जेमतेम 33 सामने त्यांच्या वाट्याला आले, आणि त्यांत बळी 179.