तिजोरीच्या दोन चाव्या

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त जुलै 2025 मध्ये सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला आधी ‘उतारवयातील आरोग्य’ असा विषय दिला होता. मी म्हटलं, आपल्याच संस्थेत डॉक्टर असताना बँकवाल्याने रक्तदाबावर बोलायचं म्हणजे जरा अतीच. म्हणून विषय बदलून घेतला. आज महापालिकेवर बोलतो. रक्तदाबाशी संबंध आहेच!

बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. एक कॅशियरकडे, दुसरी ऑफिसरकडे. मॅनेजर कितीही मोठा असो, एकट्याने तिजोरी उघडत नाही. यात कोणावर अविश्वास नसतो. पैसा लोकांचा असतो म्हणून ती पद्धत. कर्जाचंही तसंच. प्रस्ताव एकाने तयार करायचा, मंजुरी दुसऱ्याने द्यायची आणि तपासणी तिसऱ्याने करायची.

महापालिकेचा कायदा 1949 चा आहे, आणि तो वाचताना मला ही बँकेचीच रीत दिसते. आयुक्त राज्य सरकार नेमतं. कामं करणं, माणसं कामाला लावणं हे त्यांचं काम. पण पैशाला हात लावायचा तर दुसरी चावी लोकांनी निवडून दिलेल्यांकडे. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात. ही समिती 16 जणांची. ती त्यात फेरफार करते आणि मग सर्वसाधारण सभा मंजुरी देते. येत्या वर्षाच्या करांचे दर सभेने 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. हिशेबतपासनीसाचा अहवालही स्थायी समितीकडेच जातो. महापौर म्हणजे महापालिकेचे मालक असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ते सभेचे अध्यक्ष. कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे आणि पैशाची परवानगी सभेकडे, अशी ती वाटणी आहे.

आता आपली स्थिती बघा. 2017 साली आपण 102 नगरसेवक निवडून दिले. त्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. तेव्हापासून प्रशासक आहेत. म्हणजे अंदाजपत्रक मांडणार तेच, मंजूर करणार तेच, खर्च करणारही तेच. मी कुणा अधिकाऱ्याबद्दल बोलत नाही, चांगली माणसं येतात. पण दोन्ही चाव्या एका खिशात तीन वर्षांवर राहिल्या आहेत आणि सोलापुरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, याचं मला नवल वाटतं. ज्या नगरपालिकेच्या इमारतीवर 6 एप्रिल 1930 ला तिरंगा लागला, म्हणून आपण दरवर्षी छाती फुगवतो, त्याच गावाची ही गोष्ट.

उलट आपल्या संस्थेत काय होतं? 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा झालीच पाहिजे, नाहीतर सचिवांची खैर नाही. वॉचमनच्या पगारात पाचशे रुपये वाढवायचे तर दीड तास चर्चा. “मागच्या वर्षीचं कोटेशन दाखवा” म्हणणारे आपल्याकडे कमीत कमी चार जण आहेत, नावं घेत नाही. मला ती चर्चा आवडते हो. ती आपली दुसरी चावी आहे. पण त्याच चौघांना मी विचारलं, घरपट्टीच्या बिलात काय काय असतं? कुणीच सांगू शकलं नाही. बिल आलं की रक्कम बघायची, सवलतीची तारीख बघायची आणि भरून टाकायचं. एकदा ओळ न् ओळ वाचा. सर्वसाधारण कर वेगळा, वृक्ष कर वेगळा. त्यातला राज्य शिक्षण कर महापालिका फक्त गोळा करते, तो सरकारजमा होतो. म्हणजे भरलेला सगळा पैसा महापालिकेकडे राहत नाही. जकात गेली, 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला, पुढे जीएसटी आला. आता सरकारी अनुदान आणि आपली घरपट्टी-पाणीपट्टी यांवरच गाडा चालायचा.

आणि गाडा मोठा आहे. 1992 च्या हद्दवाढीत बाळे, केगाव, सोरेगाव, मजरेवाडी, शेळगी, कुमठे अशी गावं शहरात आली आणि सुमारे 33 चौरस किलोमीटरचं सोलापूर 178 चौरस किलोमीटरचं झालं. आपली संस्था त्याच हद्दवाढ भागात. गावठाणातल्या गल्लीला जी नळाची लाईन शंभर वर्षांपूर्वी मिळाली, तिची इथे शून्यापासून सुरुवात. हे समजलं की रागावायचं कुठे आणि वाट बघायची कुठे, ते कळतं.

पाण्याचंच घ्या. चार-पाच दिवसांआड पाणी हा आपल्या घराघरातला विषय. पण उजनीतून पाणी कधी आणि किती सोडायचं हे जलसंपदा खातं बघतं. जलवाहिनी, पंपिंग, टाक्या हे महापालिकेचं. आपल्या गल्लीतला व्हॉल्व्ह कधी फिरवायचा, गळती कोण काढणार, हे विभागीय कार्यालयाच्या पातळीवरचं. शहरात अशी 8 कार्यालयं आहेत. आपण मात्र व्हॉल्व्हची तक्रार आमदारांना सांगतो आणि उजनीबद्दल लाईनमनशी भांडतो. बँकेतही असंच, पासबुकाच्या खिडकीवर येऊन लोक कर्जाचं विचारायचे. खिडकी चुकली की दिवस गेला.

खिडकी बरोबर सापडली तरी तोंडी बोलू नका. अर्ज लेखी, संस्थेच्या लेटरहेडवर, खाली सभासदांच्या सह्या, आणि पोच घेताना आवक क्रमांक. त्या आकड्याशिवाय तुमच्या अर्जाला जन्मच नाही. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांत. पण “माझ्या अर्जाचं काय झालं” एवढंच विचारा. पंचवीस प्रश्नांचा माहितीचा अर्ज करणाऱ्यांना उत्तरही पंचवीस पानी मिळतं, आणि त्यात काही नसतं.

कायद्यात आणखी दारं आहेत, कुणी ढकलली नाहीत म्हणून बंद वाटतात. 74 वी घटनादुरुस्ती जून 1993 पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे तीन लाखांवर वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या हव्यात. 2011 च्या जनगणनेत आपण साडेनऊ लाख होतो. या समितीवर नगरसेवकांबरोबर नागरी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेता येतात. ते कोण असतात, कसे निवडले जातात, हे नवी सभा आली की पहिल्याच महिन्यात विचारायला हवं. आपल्या भागातल्या दहा-बारा गृहनिर्माण संस्थांनी मिळून एक नाव सुचवलं, तर कुणाला सहज टाळता येणार नाही. एकट्याने गेलो तर “काका, बघतो” एवढ्यावर घरी यावं लागेल.

नवी सभा येण्याची चिन्हं आहेत. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा प्रयत्न करा असं सांगितलं आहे. आधी प्रभागरचनेचा मसुदा लागेल, त्यावर हरकती-सूचना घेतात. प्रभागाची रेघ आपल्या संस्थेच्या मधून गेली तर ते तेव्हाच बोलायचं, नंतर नाही. मग प्रभागाची मतदारयादी. इथे एक मेख आहे. ही यादी विधानसभेच्या यादीवरून फोडतात. विधानसभेच्या यादीतच नाव नसेल तर प्रभागाच्या यादीवर हरकत घेऊन ते येत नाही. जुन्या पेठेतल्या घरचं नाव अजून तिकडेच असलेले सभासद आपल्यात आहेत. मतदानाच्या दिवशी ते रिक्षाने तिकडे जातात आणि इथल्या गटारीबद्दल इथे तक्रार करतात! त्यांनी पत्ता बदलासाठी 8 नंबरचा फॉर्म भरायचा. नव्याने अठरा वर्षं पूर्ण झालेल्या नातवंडांनी 6 नंबरचा. सुनांची नावं माहेरच्या यादीत राहिली असतील तर त्यांचंही बघा.

सचिवांशी बोलून ठेवलं आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी आपल्या भागाची विधानसभेची यादी आणि कोरे फॉर्म घेऊन संस्थेच्या ऑफिसात बसणार आहे. येताना मतदार ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि घरपट्टीचं बिल घेऊन या. चहा कमिटीकडून.