सत्कृत्याची दखल
(वर्षावास-समाप्तीच्या सभेतील भाषण)



आषाढ पौर्णिमेस आरंभिलेला वर्षावास आज, आश्विन पौर्णिमेस, समाप्त होत आहे. जुने सण सोडल्यावर सणाच्या दिवशी करावयाचे काय, असा प्रश्न तुमच्या घरी निघत असेल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती केवळ उच्चारावयाची नाही, आचरावयाची आहे.

वकील या नात्याने मी कायद्याचे सामर्थ्य जाणतो, तशी मर्यादाही. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. ती पाळणाऱ्यास शिक्षा देता येते. परंतु बंधुभाव व भूतदया १९७६ साली मूलभूत कर्तव्यांत आली, तरी ती पाळणे अखेर आपल्याच शीलावर सोपविलेले आहे.

दुसऱ्याच्या सद्गुणाने आनंदित होणे, यास धम्मात मुदिता म्हणतात. ती आपण विसरतो. खिरीची पंगत उठते. पण पहाटेपासून चुलीपाशी राबलेल्या सुनेस कोणी एक शब्द बोलत नाही. वृद्धांचे अर्ज भरून देणारा विद्यार्थी, विहार झाडणारी बाई, यांची नावे वर्गणीच्या पावतीपुस्तकात नसतात.

म्हणून विनंती अशी की, आज वंदनेनंतर प्रत्येक घराने दुसऱ्या घरातील एक सत्कृत्य उभे राहून सांगावे; पोटजातीची जुनी भिंत ओलांडून सांगावे. ज्यांच्या माणुसकीची दखल शतकानुशतके कोणी घेतली नाही, त्यांनी ती एकमेकांची तरी घेतलीच पाहिजे.

जयभीम!