अंतर जवळचे, वाट दूरची

बीदर आणि कलबुर्गी या शेजारच्या दोन जिल्ह्यांत एकेक विमानतळ आहे. कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्ये खुला झाला. बीदरच्या हवाई दलाच्या तळावरून प्रवासी वाहतूक फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली. या दोहोंमधील अंतर किती, आणि ते तोडावयास वेळ किती? प्रश्न शाळेतील गणितासारखा आहे; तेव्हा प्रथम गणितच करू.

बीदरचा विमानतळ १७ अंश ५४ कला उत्तर अक्षांशावर, तर कलबुर्गीचा १७ अंश १८ कलांवर आहे. फरक ३६ कलांचा. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. म्हणजे दक्षिणेकडे ६७ किलोमीटर झाले. रेखांशांतील फरक ३२ कलांचा. आपल्या भागात रेखांशाची कला सुमारे पावणेदोन किलोमीटर भरते, म्हणून पश्चिमेकडे ५६ किलोमीटर. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाप्रमाणे हिशेब केला, की सरळ अंतर सुमारे ८७ किलोमीटर येते. ताशी ५०० किलोमीटर वेगाने हा अवघ्या दहा-अकरा मिनिटांचा मार्ग!

परंतु आकाशात चढून वेग घेतो न घेतो तोच विमानाला उतरावे लागेल. इतक्या जवळच्या गावांसाठी विमान परवडत नाही. विमानानेच जाण्याचा हट्ट धरला, तर बीदरहून सुमारे ५२० किलोमीटर दक्षिणेला बंगळूर गाठावे आणि तेथून ४६० किलोमीटर परत उत्तरेला यावे. ८७ किलोमीटरांसाठी ९८० किलोमीटरांचा फेरा!

ही केवळ गंमत नव्हे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे खंडपीठ कलबुर्गीस आहे. औराद किंवा भालकीच्या पक्षकाराला तारखेला वेळेवर हजर राहावे लागते. पूर्वी बीदरहून आगगाडीने कलबुर्गीस जावयाचे तर विकाराबाद आणि वाडी असा वळसा पडे. २९ ऑक्टोबर २०१७ रोजी ११० किलोमीटरांच्या थेट लोहमार्गाचे उद्‌घाटन झाले. दोन्ही गावे होती तेथेच राहिली. वाट मात्र सरळ झाली.

विमानाची खरी गरज आहे ती बंगळूरसाठी. सडकेने अवघी रात्र मोडते. विमान सव्वा-दीड तासात पोचते. तरीही २०२३ च्या अखेरीस बीदरची विमानसेवा थांबली आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात धावपट्टी जागेवर होती, अंतरही तेच होते. पण मोठ्या इस्पितळात निघालेल्या रुग्णाला किंवा मुलाखतीस निघालेल्या तरुणाला पुन्हा रात्रभराचा प्रवास आला.

म्हणून प्रवासाचा वेळ धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत मोजून भागत नाही. तो घराच्या उंबरठ्यापासून मोजला पाहिजे. गावातून विमानतळावर वेळेवर नेणारी बस आहे काय, आठवड्यातून किती दिवस विमान सुटते, आणि पुढील वर्षीही ते सुटेल काय, हे प्रश्न त्याच हिशेबात धरावयाचे असतात. सीमाभागातील माणसाला दहा मिनिटे वाचल्याचे विशेष अप्रूप नाही. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी वाहन मिळेल, एवढा भरवसा त्याला हवा आहे.