मातीच्या वासातले औषध

मृगाची पहिली सर कोसळली की परभणीच्या काळ्या रानातून जो वास उठतो, त्यावर आम्हा कवींनी कितीतरी कागद काळे केले आहेत. कनौजच्या कारागिरांनी तर भाजलेल्या मातीचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवून त्याचे अत्तर केले. पण श्रोतेहो, ओल्या मातीचा हा वास बराचसा मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचा आहे. त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसीस. तो जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतो. आपले नाक त्या बाबतीत इतके तिखट, की एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी ओळखते.

हा जिवाणू बुरशीसारखे बारीक धागे पसरतो आणि पालापाचोळा, मेलेली मुळे कुजवतो. अन्न सरत आले की बीजाणू तयार करून कोरडा काळ काढतो. याच अडचणीच्या दिवसांत तो आजूबाजूच्या जिवाणूंना रोखणारी रसायने सोडतो. आपली कितीतरी प्रतिजैविके त्यांतूनच आली.

1943 साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शात्झ या तरुण विद्यार्थ्याला अशाच जिवाणूत स्ट्रेप्टोमायसिन सापडले. ती माती भरपूर शेणखत घातलेल्या शेतातली होती. क्षयरोगावर परिणाम करणारे ते पहिले प्रतिजैविक. 1952 चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळाले.

माझ्या मामूंना क्षय झाला, तेव्हा याच औषधाची सुई त्यांना कित्येक आठवडे रोज घ्यावी लागली. दंड आणि कंबर सुजून जाई. औषधाने जीव वाचला, पण कानात कायमची शीळ राहिली. या औषधाने ऐकू येणे कमी होते, हे डॉक्टरांना ठाऊक असते. मामू हसून म्हणायचे, ‘कान गये, जान रही.’ पुढे कितीतरी वर्षे त्यांनी शेती केली, मुलींची लग्ने केली.

आपल्या महाराष्ट्राच्या मातीनेही या कामात वाटा उचलला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने 1954 साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथे डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतून एक स्ट्रेप्टोमायसीस वेगळा केला. त्यापासून बुरशीजन्य रोगांवरचे हॅमायसिन हे औषध तयार झाले. जिवाणूला नाव दिले ‘पिंपरिना’. एका मराठी गावाचे नाव असे शास्त्राच्या पुस्तकात गेले.

आता काळजीची गोष्ट. जो जिवाणू विष तयार करतो, त्याच्याजवळ त्या विषापासून स्वतःला वाचवण्याची युक्तीही असते. ती युक्ती दुसऱ्या जिवाणूंकडे जाऊ शकते. आणि औषध अर्धवट घेतले, की रोगजंतूंतले चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. ताप उतरला म्हणून गोळ्या बंद करणे, दुकानातून मनाने औषध आणणे, शेजाऱ्याची उरलेली गोळी मुलाला देणे, हे आपल्याकडे घरोघरी चालते. शेतीतही तेच. डाळिंबावरच्या तेल्यासाठी, कपाशीवरच्या करप्यासाठी स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी पंपात टाकून फवारण्याची सवय लागली. त्यात स्ट्रेप्टोमायसिनच असते. अनेक औषधांना दाद न देणारा क्षय आज डॉक्टरांना जेरीस आणतो आहे.

मामूंच्या वेळी औषध कानावर बेतले, पण रोगावर चालले. आपल्या नातवंडांच्या वेळीही ते चालायला हवे. म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध पुरे करा. क्षयाचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मध्येच सोडू नका. फवारणीपूर्वी कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना विचारा. बांधावरचा पालापाचोळा पेटवू नका, कुजू द्या. त्यावर जगणारा हा जीव माणसाच्या फार उपयोगी पडला आहे.